बालकाच्या मेंदूचें चित्र : मातापित्यांसाठीं एक धडा

साक्री किंवा शिरपूर तालुक्यांतील एखादी माता मोठें पाकीट छातीशीं धरून धुळ्याहून गांवीं परत येत आहे, असें क्षणभर मनांत आणा. पाकिटांत तिच्या दीड वर्षाच्या बाळाच्या मेंदूच्या फिल्मा व इंग्रजींत लिहिलेला एक कागद आहे. बाळ अजून आधारावांचून बसत नाहीं. घरीं पोहोंचतांच सर्वजण विचारतात, "काय निघालें?" तिला सांगतां येत नाहीं. मग कोणी म्हणतो, "जन्माचें वाया गेलें", कोणी म्हणतो, "आईचीच कांहीं चूक असेल." अशा घरास योग्य उत्तर मिळावें, म्हणून हा धडा आम्ही देत आहों.

१. चित्र कसें घेतात

राँटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढिले; परंतु साध्या क्ष-किरण चित्रांत कवटीचें हाड दिसतें, आंतील मऊ मेंदू दिसत नाहीं. १९७१ सालीं इंग्लंडांत सी.टी. यंत्रानें प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचें थराथरांचें चित्र घेण्यांत आलें. सी.टी. लवकर होतो, पण त्यास क्ष-किरण लागतात. एम.आर.आय. यंत्रांत क्ष-किरण नसतात. बळकट चुंबक व रेडिओलहरी यांच्या योगें चित्र उमटतें, व तें अधिक बारीकही असतें. म्हणून वाढ मागें पडण्याचें कारण शोधतांना डॉक्टर बहुधा हेंच चित्र मागतात.

या यंत्राचा आवाज मोठा असतो, आणि बालकास बराच वेळ निश्चल पडावें लागतें. यास्तव लहान मुलास झोपेचें औषध देतात. त्यापूर्वीं दूध व अन्न केव्हां बंद करावें, याविषयींची डॉक्टरांची सूचना तंतोतंत पाळावी. वाळे, करदोटा, ताईत वगैरे सर्व धातूच्या वस्तु काढून ठेवाव्या.

२. कागदावरील शब्द

"मायलिनेशन डिलेड" असें लिहिलेलें असल्यास भिऊन जाऊं नये. विजेच्या तारेवर जसें वेष्टण असतें, तसें मेंदूंतील तंतूंवर चढत असतें. त्याचें पुष्कळसें काम पहिल्या दोन वर्षांत होतें. तें मागें पडलें आहे, इतकाच या शब्दांचा अर्थ. डॉक्टर पुढें पुन्हां चित्र काढण्यास सांगतील.

"ग्लायोसिस" म्हणजे जुन्या इजेचा वण. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत मेंदूच्या आंतील पोकळ्यांजवळ असा वण आढळतो, व त्यामुळें बहुधा पाय ताठ राहतात. "अट्रोफी" म्हणजे मेंदूचा भाग आकसणें. "व्हेंट्रिकल" म्हणजे मेंदूंतील पाण्याच्या पोकळ्या. त्या मोठ्या दिसल्यास, मेंदू आकसल्यानें असें झालें कीं पाणी तुंबल्यानें, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. कारण तुंबलेल्या पाण्यावर शस्त्रक्रिया लागूं शकते.

कागदाच्या शेवटीं पुष्कळदां "क्लिनिकल कोरिलेशन" हे शब्द असतात. चित्र वाचणाऱ्या डॉक्टरानें बहुधा तुमचें मूल तपासलेलें नसतें. म्हणून तो सांगतो कीं, हें चित्र मुलाशीं ताडून पाहा. यास्तव कागद घेऊन मूल तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञाकडे परत गेलेंच पाहिजे.

३. चित्रांत जें दिसत नाहीं

वाढ मागें पडलेल्या अनेक मुलांचें चित्र "नॉर्मल" येतें. याचा अर्थ मुलास कांहीं झालें नाहीं, असा नव्हे. ऐकूं न येणें चित्रांत बहुधा कळत नाहीं. त्यासाठीं कानांची तपासणी हवी. जन्मजात थायरॉइडची उणीव रक्ताच्या तपासणीनें कळते, आणि तिच्यावरील गोळी जितकी लवकर सुरू होईल तितकें बरें. कांहीं कारणें आनुवंशिक असतात.

तसेंच चित्रांत दोष दिसला, तरी मूल पुढें काय शिकेल हें फिल्म ठरवीत नाहीं. सारखींच चित्रें असलेलीं दोन मुलें निरनिराळीं वाढतात. आणि आईचा अपराध तर कोणत्याही फिल्मेवर उमटत नाहीं. तिला दोष देणारानें आपली जीभ आवरावी.

४. आतां काय करावें

चित्राची वाट पाहत शिकवण थांबवूं नये. लहानपणीं मेंदू घडत असतो. बसविणें, धरविणें, बोलविणें यांचा अभ्यास आजच सुरू करावा. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडींतील बालकांची वर्षांतून दोनदां तपासणी करण्याची योजना आहे. पुढील उपचारांसाठीं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे, तेथेंही विचारावें.

मुलास झटके येऊं लागले, शिकलेलें तें विसरूं लागलें, किंवा डोकें झपाट्यानें वाढूं लागलें, तर एक दिवसही दवडूं नये. खात्रीनें बरें करतों म्हणून मोठी रक्कम मागणारास शेत गहाण टाकून पैसे देऊं नयेत.

विचारासाठीं प्रश्न

(१) चित्र "नॉर्मल" आल्यावर आणखी कोणत्या तपासण्या विचाराव्या? (२) आपल्या गांवीं असें मूल कोणाच्या घरीं आहे? (३) त्या मातेबरोबर धुळ्यास जाण्यास, अथवा तिच्या थोरल्या मुलांस एक दिवस संभाळण्यास, आपल्यापैकीं कोण तयार आहे? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आपण नांवानिशीं द्यावें, एवढी आमची विनंती आहे.