जमिनीचें आच्छादन आणि जमिनीचा उपयोग

गांवचा नकाशा व पीकपाहणीचा बारावा नमुना हे दोन्ही आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. परंतु पाणलोटाच्या व वनीकरणाच्या योजना आंखतांना हल्लीं उपग्रहाच्या चित्रांवरून केलेले नकाशेहि पुढें ठेवतात. ते कसे वाचावे, एवढाच येथें विचार करूं.

हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानें २००५-०६ व २०११-१२ या सालांचे असे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर केले. मूळ चित्रांतील प्रत्येक चौकोनाची बाजू २३.५ मीटर, म्हणजे क्षेत्र सुमारें साडेपांच गुंठे. एवढ्या चौकोनांत बांध किंवा विहीर उमटत नाहीं. म्हणून हद्दीच्या तंट्यांत हा नकाशा पुढें करणें व्यर्थ होय. ओढ्याकांठचें रान किती उरलें, तळ्याचें पाणी किती पसरलें, हें मात्र तो चांगलें सांगतो.

चित्र एकाच हंगामाचें असेल तर फसगत ठरलेली. शाळूची काळी जमीन जुलैंत उघडी व जानेवारींत हिरवी दिसते. याकरितां खरीप, रब्बी व उन्हाळी अशीं तिन्ही हंगामांचीं चित्रें ताडून पाहतात. दोन सालांची तुलना करतांना प्रथम त्या सालांचें पाऊसमान विचारावें. अवर्षणांतली पड म्हणजे शेती सुटली असें नव्हे.

खरी मेख निराळीच आहे. उपग्रहास आच्छादन दिसतें. उपयोग दिसत नाहीं. सोलापूर, पुणें या जिल्ह्यांतील गवताळ माळावर धनगरांचीं मेंढरें जगतात. नान्नजचें माळढोक अभयारण्य १९७९ सालीं झालें तेंहि अशाच माळावर. तरी पडीक जमिनींच्या नकाशांत असे माळ पुष्कळदां ‘झुडपी पडीक’ या सदरांत पडले आहेत. पडीक म्हटलें कीं तेथें झाडें लावण्याची किंवा ती जमीन दुसऱ्या कामास देण्याची सूचना आलीच. मग चराई कोठें करावी? नकाशा ग्रामसभेपुढें येईल तेव्हां गायरानाचे गटनंबर हातीं घेऊन रंग तपासावे, व चूक असेल तेथें लेखी हरकत द्यावी. तोंडी बोलणें दप्तरांत राहत नाहीं.

आपल्या शेतापुरता पुरावा आपणच ठेवावा. चावडींत बसून मागील सालावरून उतरलेली पीकपाहणी आम्हीं पुष्कळ पाहिली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत खातेदारास स्वतः नोंद करतां येते. तींत ‘चालू पड’ व ‘कायम पड’ हीं सदरें निरनिराळीं आहेत. एका सालच्या चित्रावरून हा भेद कळत नसल्यानें तीं विचारपूर्वक भरावीं.