हात धुताना एवढं कर

ड्युटी लागल्यापासून प्रार्थनेला वेळच मिळत नाही, असं म्हणालीस. सकाळची पाळी असली की अंधारात बस पकडायची, नाईट करून आलं की बायबल उघडल्या-उघडल्या डोळे मिटतात, आणि रविवारचा ऑफ तर इनचार्ज सिस्टरच्या मर्जीवर. यावर मी हळहळणार नाही, पोरी. आपल्या घरातल्या बायका नर्सिंगमध्ये गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि रविवारी मंडळीत जागेवर नसणं आपल्याकडे कुणाला नवं नाही. अजून अर्धा तास लवकर ऊठ, असं पाळकसाहेब सांगतील. त्यांचं ते कामच आहे. मी सांगते ते जरा निराळं आहे. प्रार्थनेला मिळेल तेवढा वेळ दे. पण उरलेल्या सगळ्या दिवसात प्रभू इथं आहे, या वॉर्डात आहे, हे भान कसं राखायचं ते शीक. मला हे थोडं माझ्या आईनं शिकवलं आणि थोडं आमच्या वॉर्डच्या जुन्या सिस्टरनी. त्या फार बोलायच्या नाहीत, पण बोलल्या की कामाचंच बोलायच्या.

‘आजपासून दिवसभर देवाची आठवण ठेवीन’ असा निश्चय करू नकोस. तो दुपारच्या राउंडपर्यंत टिकत नाही, आणि मग उगाच अपराधी वाटत राहतं. त्यापेक्षा जे काम तुला तसंही चुकत नाही, त्याला ही आठवण बांधून टाक. तुला दिवसातून किती वेळा हात धुवावे लागतात? पेशंटला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, ड्रेसिंगच्या आधी, ग्लोव्हज काढल्यावर. साबणानं नीट धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद लागतात, हे तुम्हाला शिकवलेलंच आहे. तेवढ्या वेळात आता ज्याच्याकडे जायचं त्याचं नाव प्रभूपुढे घे. नावच घे हं; ‘सात नंबर’ नको, ‘ती डायबेटिसवाली’ नको. बाकी काही मागू नकोस, शब्द जुळवू नकोस. नाव घेऊन पलंगापाशी गेलीस की तुझा आवाज आपोआप निराळा येतो, आणि पेशंटला तो कळतो. आमच्या सिस्टरांचं सगळं अध्यात्म त्या बेसिनपाशी होतं, असं मी म्हटलं तर ते त्यांना आवडलं नसतं, पण खरं होतं.

वसईच्या कॅथलिक मंडळींमध्ये सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी देवळाची घंटा होते. देवदूतानं मरियेला निरोप दिला, त्याची ती आठवण. जुनी माणसं शेतात असली तरी हातातलं काम थांबवून उभी राहायची. आपल्याकडे, नगरच्या मंडळीत, ती चाल नाही. पण मला ती फार शहाणपणाची वाटते, कारण घंटा तुझ्या मनःस्थितीवर अवलंबून नसते. तुला वाटो न वाटो, ती वाजतेच. तुझी घंटा म्हणजे तो नळ.

आता याच्या उलट एक गोष्ट सांगते, ती नीट ऐक. औषध मोजताना देवाचं नाव घेत बसू नकोस. इन्सुलिनच्या बाटल्या चाळीसच्याही येतात आणि शंभरच्याही. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण असतं, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. बाटली एक आणि सिरिंज दुसरी झाली तर काय होतं हे तुला मी सांगायला नको. तिथं सगळं लक्ष बाटलीवर, सिरिंजवर आणि केसपेपरवर. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर विचार. अंदाज करून ‘प्रभू सांभाळील’ म्हणू नकोस. पूर्ण लक्ष देऊन मोजलेला डोस हीच त्या मिनिटाची उपासना. भक्ती म्हणजे अर्धं लक्ष कामावर आणि अर्धं वर, असं ज्यांना वाटतं त्यांच्या हातून कामही बिघडतं आणि भक्तीही.

हे माझ्या पदरचं नाही. फ्रान्समध्ये निकोलस हर्मन नावाचा एक शिपाई होता. तीस वर्षांच्या युद्धात पाय जायबंदी झालेला. 1640 साली तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात शिरला. विद्या फारशी नव्हती, म्हणून त्याला पाद्री नाही केलं, साधा ब्रदर केलं आणि स्वयंपाकघरात लावलं. ब्रदर लॉरेन्स हे त्याचं मठातलं नाव. गंमत अशी की स्वयंपाकघराचा त्याला मनापासून कंटाळा होता. तरी सुमारे पंधरा वर्षं त्यानं तिथं भांडी-चूल सांभाळली, पुढं मठातल्या लोकांच्या चपला शिवल्या, आणि 1691 साली वारला. त्याचं म्हणणं काय, तर प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ या आपल्याला निराळ्या राहिल्याच नाहीत. तव्यावरचं ऑम्लेटसुद्धा तो देवावरच्या प्रेमापोटी उलटायचा. एकदा त्याला मठासाठी द्राक्षारस आणायला बर्गंडीला पाठवलं. व्यवहार कळत नाही, पाय लंगडा, होडीत पिंपांवरून लोळत-लोळत पुढं सरकावं लागायचं. त्यानं देवाला सांगून टाकलं की हे काम तुझंच आहे, आणि निभावलं. त्याची पत्रं आणि त्याच्याशी झालेल्या गप्पा पुढं एका पाद्र्यानं छापल्या. त्या पुस्तकाला आज तीनशे वर्षं उलटून गेली.

लोकांना त्याचं ऑम्लेट आठवतं. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलंय. दहा वर्षं! आणि मन भरकटलं की तो काय करायचा? देवाला सांगायचा की मला सोडलंस तर माझ्या हातून हेच होणार, आता तूच सावर. आणि पुन्हा कामाला लागायचा. त्यावर उगाळत बसायचा नाही. तूही असंच कर. दुपारी दोनला हँडओव्हर देताना लक्षात आलं की सकाळपासून प्रभूची आठवणच झाली नाही, तर ‘मी कशी अशी’ यात दहा मिनिटं घालवू नकोस. ती दहा मिनिटंही स्वतःच्याच विचारात गेली की नाही? आठवलं ना, मग झालं. तिथून पुढं चाल.

राग आला की काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण तुला ते लागणार. नातेवाईक अंगावर धावून येतात, डॉक्टर सगळ्यांसमोर बोलतात, मामा हाक मारूनही येत नाहीत. अशा वेळी मी नहेम्या आठवते. शूशनच्या राजवाड्यात तो राजाला द्राक्षारस देणारा सेवक. यरुशलेमच्या पडलेल्या भिंतींचं दुःख त्याच्या तोंडावर दिसत होतं. राजानं विचारलं, तुला काय हवंय? सेवकानं राजापुढं तोंड पाडून उभं राहणं हाच गुन्हा ठरायचा, म्हणून तो घाबरलेला. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्या मधल्या फटीत तो स्वर्गाच्या देवाची प्रार्थना करतो. किती वेळ मिळाला असेल? एक श्वास. तेवढाच तुलाही मिळतो. नातेवाईकाचं वाक्य संपलं की लगेच तोंड उघडू नकोस. एक श्वास, ‘प्रभू, बोल माझ्यातून’, आणि मग उत्तर. पुष्कळदा उत्तर तेच असतं. सूर तेवढा बदललेला असतो.

पण नहेम्याचा पहिला अध्याय वाचल्याशिवाय दुसरा वाचू नकोस. राजासमोरच्या त्या एका श्वासाआधी किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, म्हणजे चांगले चार महिने, तो उपास करून रडून प्रार्थना करत होता. म्हणून तर ऐन वेळी श्वासात प्रार्थना आली. तेव्हा ‘आजी म्हणाली चालता-बोलता केलं तरी चालतं’ असं आईला सांगून घरची संध्याकाळची प्रार्थना बुडवू नकोस. नाईट असेल त्या आठवड्यात एक स्तोत्र पुरे, पण ते बसून, शांतपणे.

फ्रँक लॉबाक नावाचे अमेरिकन मिशनरी होऊन गेले. फिलिपाइन्सच्या मिंदानाव बेटावर मुसलमान मोरो लोकांमध्ये राहून त्यांना लिहा-वाचायला शिकवायचे. प्रत्येकानं एकाला शिकवावं, ही त्यांची साक्षरतेची रीत पुढं जगभर गेली. त्यांनी 1930 साली आपल्या वडिलांना पत्रं लिहिली, त्यात दर मिनिटाला निदान एक क्षण तरी देवाची आठवण करायची, असा प्रयोग सांगितलाय. पुढं त्यांनी त्याचा खेळच केला, गुण मोजायचे. माणूस मोठा होता, पण हा हिशेब मला पटत नाही. आपल्या कामात आधीच नाडी मोज, थेंब मोज, लघवी मोज. त्यात देवाची आठवणही मोजायला लागलीस तर तोही एक चार्ट होईल. मोबाईलवर दर तासाला घंटी वाजवणारं अ‍ॅप टाकलंयस म्हणे. ठेव हवं तर, पण आयसीयूमध्ये आधीच इतकं काही वाजत असतं!

आणि वाटण्याचं काय? ‘आजी, मला काही जाणवतच नाही’ हे तू मागच्या नाताळात म्हणाली होतीस. अगं, रात्री पेशंट काही तुझ्याकडे टक लावून पाहत नसतो. टेबलाशी दिवा आहे, सिस्टर आहेत, एवढं माहीत असलं की तो झोपतो. त्याला तू जाणवत नसतेस, तू असतेस. बेथेलला याकोब दगड उशाला घेऊन झोपला तेव्हा त्यालाही काही जाणवलं नव्हतं. देव तिथं होता हे त्याला उठल्यावर कळलं. भावना आली तर आभार मान, नाही आली तर शोधत फिरू नकोस, आणि विशेष म्हणजे ती आणायला डोळे मिटून चेहरा करू नकोस. मूल दगावलं त्या रात्री तर मुळीच नाही. त्या रात्री प्रभूला जे बोलायचं ते बोल, भांडण असलं तरी भांड. स्तोत्रांत तसली भांडणं भरपूर आहेत.

गाणं मात्र ठेव. टिळकांची भजनं तुला लहानपणापासून पाठ आहेत. बेड लावताना, सलाईनचे स्टँड पुसताना मनातल्या मनात म्हण. मोठ्यानं नको, वॉर्डात सगळ्या धर्मांची माणसं असतात, आणि आजारी माणसाला आपली भक्ती ऐकवणं हा त्याच्यावर जुलूम आहे. तसंच प्रत्येक वाक्याला ‘प्रभूची स्तुती असो’ लावायची सवय काहींना असते. तू लावू नकोस. बेडपॅन वेळेवर दिलास तर त्याला कळेल तू कोणाची आहेस.

रात्री अंग टाकलं की दिवस एकदा उलटा आठवून पाहा, शेवटच्या पेशंटपासून पहिल्यापर्यंत. जेज्वीट लोक असं काहीसं सोळाव्या शतकापासून करत आले आहेत, बरं आहे. कुठं प्रभू दिसला, कुठं आपण पाठ फिरवली. मधेच झोप लागली तर लागू दे.

उद्यापासून हे सगळं एकदम सुरू करू नकोस. फक्त हात धुताना नाव घ्यायचं, एवढं एक महिनाभर कर, आणि ईस्टरला घरी आलीस की मला सांग.