नाव एक, चवी दोन

प्रश्न : आम्ही काही चहाप्रेमी ऊलाँगचे नमुने एकमेकांना वाटतो. मला 'तिएग्वानयिन' नावाच्या दोन पुड्या मिळाल्या. एकीचा चहा हिरवट-पिवळा, फुलांच्या वासाचा. दुसरीचा तपकिरी, खरपूस. यातला एक बनावट असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ रंगावरून तशी शंका घेऊ नका. चीनमधल्या फूच्येन प्रांतातल्या आन्शी भागाचा हा चहा दोन्ही तऱ्हांनी बनतो. ऊलाँगची पाने हिरव्या चहापेक्षा जास्त, पण काळ्या चहापेक्षा कमी ऑक्सिडाइझ होऊ देतात. हे प्रमाण आणि नंतरची भाजणी बदलली की रंग-चव बदलते.

तुलना करायची तर दोन्हींना सारखी वागणूक द्या. प्रत्येकी ३ ग्रॅम पाने, १५० मिलिलिटर उकळीजवळचे पाणी, ५ मिनिटे. दूध-साखर नको. पुड्यांची नावे झाकून चाखलेत तर मत अधिक निखळ येईल. एरवी पिताना पाने जास्त घेऊन थोडा थोडा वेळ मुरवा. तीच पाने अनेकदा चालतात.

वाटताना १० ग्रॅमची हवाबंद पुडी पुरे. तीवर नाव, हंगाम आणि भाजणी लिहा. पुड्या मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवा, चहा वास पटकन ओढतो. हिरवट ऊलाँग आधी संपवा, त्याचा सुगंध लवकर उडतो.

एक काळजी घ्या : यात कॅफीन असते. म्हणून उपाशीपोटी किंवा रात्री एकामागून एक नमुने चाखू नका. बाकी दोन्ही पुड्या निर्धास्त उघडा!