पॅटर्न मॅचिंग आणि एमएच १६

सी मधलं स्विच-केस आपण पहिल्याच वर्षी शिकतो. ते फक्त किंमत बघतं : १ आहे का, २ आहे का. एमएल, हॅस्केल, एफ-शार्प या फंक्शनल भाषांमधलं पॅटर्न मॅचिंग त्याच्या पुढचं आहे. ते डेटाची रचना तपासतं आणि त्याच फटक्यात तिचे भाग सुटे करून हातात देतं.

उदाहरण कॉलेजच्या गेटवरचंच घेऊ. गाडीच्या नंबरात चार रकाने असतात : राज्य, आरटीओ, अक्षरं आणि क्रमांक. गेटच्या रजिस्टरचा प्रोग्रॅम साधारण असा होईल :

जुळवा गाडी
| नंबर (एमएच, १६, _, _) → नगर
| नंबर (एमएच, १७, _, _) → श्रीरामपूर
| _ → इतर

"_" म्हणजे इथे काहीही चालेल. इफ-एल्सची लांबलचक माळ नाही, वाचताक्षणी कळतं.

आता अडचण बघा. हा पॅटर्न चार रकान्यांना चिकटलेला आहे. २०२१ मध्ये बीएच मालिका आली. तिच्यात आधी नोंदणीचं वर्ष, मग बीएच, मग आकडे आणि शेवटी अक्षरं. राज्य नाही, आरटीओचा कोडही नाही! म्हणजे रचना बदला आणि जिथे जिथे हा पॅटर्न लिहिलाय तिथे तिथे दुरुस्ती करत बसा. बरं, ओओपीच्या पेपरात शिकवतात तशी रचना लपवून ठेवावी, तर साधं पॅटर्न मॅचिंग वापरताच येत नाही, कारण त्याला आतली रचना दिसावी लागते.

यावर फिलिप वॉडलर यांनी १९८७ मध्ये 'व्ह्यूज' ही कल्पना मांडली. खरी रचना आत लपलेली. बाहेर पॅटर्नसाठी एक वेगळं रूप, आणि दोन्हींमध्ये रूपांतर करणारी फंक्शन्स. पुढे हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरमध्ये व्ह्यू पॅटर्न्स आले. एफ-शार्पच्या ॲक्टिव्ह पॅटर्न्सवर डॉन साइम आणि सहकाऱ्यांचा पेपर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ॲक्टिव्ह पॅटर्न म्हणजे पॅटर्नच्या वेशातलं फंक्शन. आपण एकदाच ठरवायचं :

पॅटर्न (नगर | श्रीरामपूर | भारत | इतर)

नंबर कसा फोडायचा ते या एका फंक्शनला माहीत. बाकी प्रोग्रॅममध्ये फक्त "नगर", "भारत" अशी नावं. उद्या नंबरप्लेट पुन्हा बदलली तरी दुरुस्ती एकाच ठिकाणी.

पण फुकट काहीच मिळत नाही. एक तर जुळणी करताना हे फंक्शन चालवावं लागतं, त्याचा वेळ जातो. दुसरं म्हणजे कंपायलरची राखण. वरच्यासारखे सगळे पर्याय एकत्र जाहीर केले, तर एखादा विसरल्यास एफ-शार्प इशारा देतं. "जुळला तर जुळला" अशा अर्धवट पॅटर्नला ही हमी नसते. आणि आळसाने शेवटी "_" टाकलं की इशारा बंद, बीएचच्या गाड्या गुपचूप "इतर"मध्ये जमा! व्हायवाला हा प्रश्न नक्की येऊ शकतो.

पायथन ३.१० (२०२१) आणि जावा २१ (२०२३) मध्येही पॅटर्न मॅचिंग आलंय, तेव्हा हा विषय फक्त हॅस्केलवाल्यांचा राहिलेला नाही.

जाता जाता एक गृहपाठ. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जुन्या फायलींत "अहमदनगर", नव्यांत "अहिल्यानगर", बोलण्यात नुसतं "नगर". तिन्ही ओळखणारा एकच पॅटर्न लिहा, आणि उरलेल्या प्रोग्रॅमला हात न लावता काम होतंय का ते लॅबमध्ये करून बघा.