मत्स्यबीज सोडले, पुढे मोजले का?

मृगाचा पाऊस झाला, शेततळ्यात पुरुषभर पाणी साठले, की केज तालुक्यात नांदूरघाट व आसपासच्या गावांतून मत्स्यबीजाची चौकशी सुरू होते. पाणी व प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या जीपमधून येतात, पिशव्या तळ्यात रिकाम्या होतात आणि शेतकरी हात झटकून घरी जातो. पुढची भेट थेट फाल्गुनात, जाळे टाकताना. मधल्या सात-आठ महिन्यांत पाण्याखाली काय घडले याची नोंद कोणाकडेच नसते. कपाशीत दहा तूट पडली तर आपण आठवड्यात नांग्या भरतो. तळ्यात मात्र निम्मी मासळी गेली तरी कळत नाही, कारण पाणी सगळे झाकून ठेवते.

प्रस्तुत लेखात सोडलेल्या माशांची मोजदाद कशी करावी याची माहिती दिली आहे. हे काम जगात काही ठिकाणी पूर्णवेळ नोकरी म्हणून चालते. तेथील अनुभवातून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून प्रथम तिकडे पाहू.

कोलंबिया नदीवरची मोजणी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत सॅमन व स्टीलहेड हे मासे असतात. त्यांचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यात होतो. पिल्ले वाहत समुद्राला जातात, तेथे काही वर्षे वाढतात आणि अंडी घालण्यासाठी जन्माच्या नदीत परत येतात. त्या किनाऱ्यावरचे सॅमन अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेडपैकी काही जगून पुन्हा समुद्र गाठतात. (स्टीलहेड म्हणजे समुद्राची वारी करणारा रेनबो ट्राऊटच. थंड पाण्यातले हे मासे आपल्या तळ्यात जगणार नाहीत, तेव्हा कोणी त्याचे बीज देतो म्हणाला तर पैसे देऊ नयेत.)

नद्यांवर धरणे झाली आणि परतीची वाट अडली. नुकसान भरून काढण्यासाठी सरकारने ठिकठिकाणी मत्स्यबीज केंद्रे वाढवली. तशी केंद्रे त्या देशाला नवी नव्हती. कॅलिफोर्नियात मॅक्क्लाऊड नदीकाठी सॅमनची अंडी गोळा करण्याचे काम 1872 सालीच सुरू झाले होते. पुष्कळ वर्षे तेथेही आपल्यासारखाच हिशेब चाले. किती लाख पिल्ले सोडली ते अहवालात छापायचे, पुढचे देवाला ठाऊक.

नंतर मोजणी आली. कोलंबिया नदीवरचे बॉनविल धरण 1938 साली पुरे झाले. माशांना चढून जाण्यासाठी त्यात पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा जिना ठेवला आहे. जिन्याच्या बाजूला काचेची खिडकी आहे आणि तेथे वर जाणारा प्रत्येक मासा जातवार मोजला जातो. केंद्रातला मासा कोणता आणि नदीतच जन्मलेला कोणता हे ओळखण्यासाठी केंद्रातल्या पिल्लांचा पाठीमागचा लहान मांसल पर सोडण्यापूर्वी कापतात. हा पर पुन्हा उगवत नाही. काही पिल्लांच्या नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, सांकेतिक खूण असलेली तार घालतात. परत आलेल्या माशातली तार काढून वाचली, की तो कोणत्या केंद्रातून व कोणत्या वर्षी सुटला ते समजते.

मोजल्यावर निघालेले आकडे डोळे उघडणारे आहेत. कोलंबिया व तिची उपनदी स्नेक यांच्या वरच्या भागातून समुद्राकडे निघालेल्या शंभर पिल्लांमागे दोन ते सहा मासे परत यावेत, एवढेच तेथील उद्दिष्ट आहे आणि तेही अनेक वर्षी गाठता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ओरेगॉन राज्यातील हूड नदीत स्टीलहेडच्या पिढ्यांचा आनुवंशिक तपास झाला. त्याचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. केंद्रात वाढलेल्या माशांना नदीत सोडल्यावर त्यांना होणारी जगणारी पिल्ले दर बंदिस्त पिढीमागे सुमारे 40 टक्क्यांनी घटत होती. टाकीत आयते खाद्य घेऊन तगलेला मासा टाकीलाच योग्य होत जातो, नदीला नाही. हे मोजल्याशिवाय कोणालाही कळले नसते.

लोणावळ्याचा महसीर

आपल्या राज्यात याला सर्वात जवळचे उदाहरण महसीरचे आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यात त्याला खडस, खडची असेही म्हणतात. कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन 1839 साली केले. धरणे, सुरुंगाची व विषाची मासेमारी यांमुळे तो कमी होत गेला. राज्याचे माजी मत्स्य संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास लोणावळ्याला टाटा वीज कंपन्यांच्या तलावांवर त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू केले आणि पुढे श्री. ओगले यांच्यासह ते पक्के केले. पक्व नर-मादीचे पोट हलके दाबून अंडी व मिल्ट काढायचे, ते मिसळून अंडी फळवायची, असे हे तंत्र आहे. फळलेली अंडी ओल्या कापसात घालून दूरवर नेता येतात, हेही त्यांनी दाखवून दिले. काम मोठे होते, यात शंका नाही.

तेथले बीज देशातल्या अनेक जलाशयांत गेले, तसे कर्नाटकात कावेरीतही गेले. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महसीर होता. त्याच्या पाठीला कुबड, परांना केशरी झाक आणि वजन चाळीस किलोच्या पुढे. सोडलेल्या निळसर पराच्या माशाचे पुढे काय झाले, हे पाहण्याची कोणतीही सरकारी व्यवस्था तेथे नव्हती. होते ते गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या छावणीतले रजिस्टर. रोज कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती, एवढेच त्यात लिहिलेले. 1998 ते 2012 या काळातल्या या नोंदी अभ्यासकांनी तपासून 2015 साली मांडल्या. बाहेरून आणलेला महसीर वाढत गेला होता आणि कावेरीचा मूळचा कुबड्या महसीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. 2018 साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. एखाद्या जातीला तिचे नाव मिळावे आणि त्याच वर्षी ती संपत आल्याचे कळावे, याला काय म्हणावे?

मासे सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मोजणी आधी सुरू झाली असती तर पंधरा-वीस वर्षे अगोदर हात आखडता घेता आला असता.

आता आपले शेततळे

आपण सोडतो ते कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून अंडी घालून घेतली. तेव्हापासून बीजासाठी नदीच्या पुरावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. आज तळ्यात येणारे जवळजवळ सर्व बीज केंद्रातले असते. म्हणूनच ते कसे निघाले हे मोजणे प्रत्येकाच्या हिताचे आहे.

पहिली मोजणी पिशवी उघडण्याच्या वेळी करावी. पिशवी बंद अवस्थेतच वीस-तीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे. मत्स्यबीज लहान असल्यास चहाच्या गाळणीने मोजावे. तीन वेळा गाळणीभर बीज घेऊन एकेक मोजावे, सरासरी काढावी आणि एकूण किती गाळण्या भरल्या त्याने गुणावे. बोटुकली असेल तर सरळ हाताने मोजावी. चारशे-पाचशे मोजायला फार वेळ लागत नाही. विक्रेत्यासमोर मोजणे काहींना अवघड वाटते. खताचे पोते वजन करून घेताना वाटते का?

त्याच वेळी जात पाहावी. तिलापिया किंवा थाई मागूर मिसळलेले असेल तर ते बीज घेऊ नये. थाई मागूर पाळण्यास आपल्या देशात बंदी आहे, आणि तो तळ्यातून ओढ्यात निसटला तर तिथले मासेही उरणार नाहीत.

बीजापैकी शंभर पिल्ले बारीक जाळीच्या हाप्यात घालून हापा तळ्यातच बांधावा व दोन दिवसांनी उघडावा. त्यात वीस मेलेली निघाली तर बाकीच्या बीजातही पाचव्या हिश्श्याच्या आसपास घट झाली असे धरावे. वाहतुकीत दमलेली पिल्ले सोडताना ठीक दिसतात आणि नंतर तळाशी मरून पडतात. ती वर तरंगतीलच असे नाही.

त्यानंतर दर महिन्याला एकदा सकाळच्या थंड वेळी जाळे ओढावे. त्या दिवशी खाद्य देऊ नये. पंचवीस-तीस मासे पाण्याच्या बादलीत घ्यावेत, आधी पाण्यासह बादलीचे वजन करावे, मग माशांसह करावे. फरकाला माशांच्या संख्येने भागले की सरासरी वजन मिळते. ते जातवार लिहावे. कटला वाढतो आणि मृगळ तेवढाच राहतो, असे दिसले तर तळाकडचे खाद्य कमी आहे हे ओळखावे. अस्तराच्या तळ्यात असे वारंवार होते, कारण प्लास्टिकवर गाळ नसतो आणि मृगळ गाळातच चरतो.

एकूण मासे किती उरले?

हा प्रश्न सॅमनच्या अभ्यासकांनाही पडतो. त्याला एक जुने व सोपे उत्तर आहे. समजा नांदूरघाटच्या शिवारात 30 मीटर लांब व तेवढेच रुंद, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचे शेततळे आहे. त्यात हेक्टरी 5000 या प्रमाणात 450 बोटुकली सोडली. दोन महिन्यांनी जाळे ओढून 60 मासे धरले. प्रत्येकाच्या डाव्या पोटपराचे टोक स्वच्छ कात्रीने किंचित कापले, मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवून मासे परत सोडले. आठवड्याने पुन्हा जाळे ओढले. या वेळी 50 मासे आले आणि त्यांत 10 खुणेचे निघाले. पाचांत एक मासा खुणेचा, म्हणजे आपण खूण केलेले 60 हे तळ्यातील एकूण माशांच्या पाचवा हिस्सा. 60 गुणिले 50 भागिले 10, उत्तर 300. दीडशे मासे गेले.

कार्पच्या पोटाचा पर पुन्हा उगवतो, म्हणून दुसरी ओढ पंधरा दिवसांच्या आत व्हावी. दोन्ही वेळा सबंध तळे ओढावे. एकाच कोपऱ्यात जाळे टाकल्यास हिशेब फसतो. दुसऱ्या ओढीत खुणेचे मासे पाच-सातच आले तर त्या उत्तरावर भरवसा ठेवू नये, आणखी एकदा ओढावे.

या मोजणीने काय साधते ते पाहा. सरासरी वजन 100 ग्रॅम असेल, तर 450 माशांचे 45 किलो होतात. शेंगदाणा पेंड व कोंड्याचे खाद्य तीन टक्के धरले तर रोजचे 1 किलो 350 ग्रॅम. प्रत्यक्षात मासे 300 म्हणजे 30 किलो. त्यांना 900 ग्रॅम पुरते. रोजचे 450 ग्रॅम आणि महिन्याचे साडेतेरा किलो खाद्य पाण्यात कुजते. पेंडेचे पैसे जातात ते वेगळेच. कुजणारे खाद्य पाण्यातला प्राणवायू खाते. ढगाळ हवेत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे काढून हवा गिळू लागतात, त्याचे मूळ बरेचदा येथे असते. अशा वेळी खाद्य ताबडतोब बंद करून ताजे पाणी सोडावे.

गेलेले दीडशे कुठे गेले, याचाही शोध घ्यावा. सांडव्याला जाळी नसेल तर एका मोठ्या पावसात तळे रिकामे होऊ शकते. पाणकावळे, बगळे, खंड्या यांचा वाटा असतोच. बोटुकलीऐवजी लहान बीज सोडले असेल तर बेडूक आणि पाणदिवडही हात मारतात. जुन्या गावतळ्यात मरळ राहून गेली असेल तर ती आधी काढावी. एखादे वर्षी घट पावसाळ्यात न होता एकदम एका महिन्यात होते आणि मोठे मासेच कमी झालेले दिसतात. तेव्हा पक्ष्यांना दोष देण्यापेक्षा रात्रीची राखण करावी.

आटणारे तळे

आपल्या भागात पाणी टिकत नाही, ही मत्स्यशेतीची मोठी अडचण. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. त्यामुळे आषाढात बोटुकली सोडून पाणी कमरेखाली जाण्यापूर्वी मासळी काढावी लागते. मत्स्यजिरे आणून वाढवत बसायला येथे अवधी नाही. बीज महाग पडले तरी बोटुकलीच घ्यावी.

पण मोजणीच्या दृष्टीने हीच अडचण सोयीची आहे. कोलंबियाच्या काठावरचा अभ्यासक खिडकीतून अंदाज बांधत राहतो. आपले तळे आटते आणि शेवटचा मासादेखील हातात येतो. म्हणून काढणीच्या दिवशी व्यापाऱ्याच्या काट्यावर नुसते एकूण किलो घालून मोकळे होऊ नये. कटला किती, रोहू किती, मृगळ किती, हे नगावर मोजावे. सोडलेल्या नगांशी ताळा घालावा.

वहीत फार रकाने नकोत. बीज कोठून आणले, तारीख, नग, हाप्यातली मर, दर महिन्याचे सरासरी वजन, दिलेले खाद्य आणि शेवटचे नग व किलो. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील संस्थेत 1992 पासून नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या मदतीने रोहूची निवड झाली आणि 1997 साली जयंती रोहू ही जलद वाढणारी जात निघाली, तीही अशाच नोंदीतून. सॅमनच्या निवडीचा नॉर्वेचा अनुभव तेथे कामी आला. तिथे प्रत्येक माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची नळी होती. आपल्याला शाळेची शंभर पानी वही पुरते. दोन केंद्रांचे बीज आणले असेल आणि तळीही दोन असतील, तर ते एकत्र न करता वेगवेगळे सोडावे. सारखे खाद्य देऊन काढणीला कोणत्या तळ्यातून किती नग निघाले ते पाहावे, आणि पुढच्या ज्येष्ठात मागणी नोंदवताना तीच वही घेऊन जावे. नोंदींचा अर्थ लागत नसल्यास उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात ती दाखवावी.