दोन दिवसांची सहल : मुक्काम कोठे, पाहावे काय?

सहलीची आखणी करताना पाहावयाची स्थळे आधी निश्चित करावीत आणि मुक्काम त्यानुसार ठरवावा. कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

कोल्हापूरहून आजरा सुमारे ८५ किलोमीटर आहे. मुक्काम कोल्हापुरात ठेवल्यास अंबाबाईचे मंदिर व रंकाळा सहज पाहून होतात. परंतु आजऱ्यास जाऊन परतण्यात दिवसाचा मोठा भाग प्रवासातच खर्ची पडतो. आजऱ्यात एक रात्र काढल्यास सकाळी गावाजवळचे रामतीर्थ निवांतपणे पाहता येते. तेथे हिरण्यकेशी नदी खडकांवरून कोसळते. दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या मार्गाने आंबोलीस जाऊन त्याच नदीचा उगमही पाहता येतो.

ऋतूचा विचारही आवश्यक आहे. पावसाळ्यात धबधबा भरात असतो. तथापि खडक निसरडे आणि प्रवाह प्रबळ असतो. शालेय सहलींसाठी पावसाळ्यानंतरचे महिने अधिक सुरक्षित होत. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचा जन्म १९४० मध्ये आजऱ्यात झाला, ही माहिती शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य द्यावी. आजरा घनसाळ या येथील सुवासिक तांदळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मुक्कामी प्रवासी गावात जेवतो, तांदूळ विकत घेतो. घाईने निघून जाणाऱ्याकडून गावास फारसे काही मिळत नाही. स्वच्छ निवास, शौचालये, नदीकाठी धोक्याचे फलक आणि एस.टी.चे ठळक वेळापत्रक यांची व्यवस्था स्थानिक संस्थांनी केल्यास पाहुण्यांची सोय होईल आणि गावाच्या उत्पन्नातही भर पडेल.