श्वासांची नोंद आणि धोक्याची पूर्वसूचना

रुग्णाची प्रकृती ‘एकाएकी’ बिघडली, असे रुग्णालयात वारंवार ऐकू येते. वस्तुतः पुष्कळदा शरीराने काही तास आधीच सूचना दिलेली असते. ती टिपणारी संगणक प्रणाली भेट देण्याची इच्छा काही देणगीदारांनी व्यक्त केली, म्हणून हा लेखनप्रपंच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकातील अधिकार सांगत नाही. परंतु हा विषय बराचसा नोंदवहीचा आहे.

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये यासाठी गुणपद्धती ठरवून दिली. मिनिटाला २२ श्वास असल्यास २ गुण, नाडी ११२ असल्यास २, ताप ३८.५ अंश सेल्सिअस असल्यास १. सुटा आकडा पाहून कोणी घाबरणार नाही. पण बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने तपासावयाचे.

असा विचार महाराष्ट्रात त्याआधीच रुजला होता. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी निरक्षर दाईंच्या हाती वाळूचे घड्याळ व मणी असलेला श्वासमापक दिला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. पुढे नवजात बालकांसाठी सात लक्षणे निश्चित झाली: दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे, अंग गार लागणे इत्यादी. त्यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार सुरू. विजेवर चालणारे काहीही त्यात नव्हते.

उलट, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात एका प्रचलित संगणक प्रणालीची पडताळणी झाली. २०२१ च्या त्या अभ्यासानुसार, गंभीर जंतुसंसर्गाचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण तिच्या नजरेतून निसटले होते.

आपल्याकडील काही केसपेपर मी स्वतः चाळले. श्वासाच्या रकान्यात रात्रभर ‘२०’, ‘२०’, ‘२०’. जमाखर्चात अशी वही दिसली असती, तर लेखापरीक्षकाने लाल शाई उचलली असती. सिस्टरांना मात्र मी दोष देणार नाही. तीस रुग्णांचे श्वास प्रत्येकी पूर्ण मिनिट मोजावयाचे, तर अर्धा तास त्यातच जातो, आणि रात्रपाळीस त्या एकट्याच असतात.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव यंत्राचा नसून रात्रपाळीच्या दुसऱ्या परिचारिकेचा आहे. हा खर्च दरवर्षीचा आहे, आणि त्यावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी बसवता येत नाही, याची मला जाणीव आहे. राधानगरी, गगनबावड्याहून येऊन रात्री सोबतीस थांबणाऱ्या नातेवाइकांनाही विनंती: रुग्णाची धाप वाढली, तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये, सिस्टरांना त्याच क्षणी सांगावे.